देणाऱ्याचा रकाना

माझ्या दुकानात खिळे वजनावर मिळतात,
वासरांसाठी दुधाची पावडर, कुंपणाची तार,
आणि मागच्या काउंटरवर, काचेखाली,
केंद्र सरकारचा परवाना, माझ्या नावाचा,
जरा तिरकाच लागलेला.

मंगळवारी ऑर्व्हल ट्वेटेन आला,
रजईत गुंडाळलेली रायफल घेऊन.
रजई बायकोने शिवलेली असणार, टाके फार बारीक होते.
मागोमाग मुलगी, मारेन. गाडीची किल्ली हातातच.

तो मोंटानाचा. ती इकडची, नॉर्थ डकोटाची.
दोन घरांमध्ये एकतीस मैल गहू
आणि एक हिरवी पाटी, गोळ्यांनी भोकं पडलेली,
जिच्यापाशी एक राज्य संपतं.

"बंदूक माझी. मुलगी माझी.
मध्ये तू कोण?"

मी सांगितलं, नेहमी सांगते तसं.
ती तुमच्याच राज्यात राहत असती तर
जेवणाच्या टेबलावरून सरकवली असतीत,
मिठाच्या बाटलीसारखी.
तो शेजारचा हॉफरबर, ज्याच्याशी तुम्ही
कुंपणावरून नऊ वर्षं बोलत नाही,
त्याला विकलीत तरी कुणी कागद मागणार नाही.
पण पोटची पोर पाटीच्या अलीकडे राहते,
म्हणून बंदूक आधी माझ्या वहीत चढणार,
पाच मिनिटं का होईना, माझी होणार,
मग तिची.

"आणि मी मेल्यावर?"

तेव्हा मी लागत नाही.
मृत्युपत्रात एक ओळ लिहा,
नाही लिहिलीत तरी वारसाने जाईल,
पाटी ओलांडून, थेट तिच्या घरी.

तो हसला. "म्हणजे मरणं
पंचवीस डॉलरनी स्वस्त पडतं."
मारेन हसली नाही.

फॉर्म तिच्यापुढे ठेवला.
उंची. वजन. जन्मगाव.
तुम्ही फरार आहात का.
तुम्हाला कधी मनाने असमर्थ ठरवलं गेलं आहे का.
नशा. शिक्षा. घरातली मारहाण.
ती शाळेत गणित शिकवते,
एकही फुली चौकटीबाहेर गेली नाही.

मग थांबली.
पान उलटलं, पुन्हा पहिल्यावर आली.
"यात देणाऱ्यासाठी काही नाही?"
"नाव आणि पत्ता. तेही माझ्या वहीत."
"का देतोय, ते?"
"ते कुणी विचारत नाही."

ऑर्व्हल तेव्हा खिळ्यांच्या खणांपाशी उभा होता,
अडीच इंची मुठीत घेत होता, परत सोडत होता.
मे महिना. हरणांचा हंगाम सहा महिने लांब.
ट्वेटेनबाईंना जाऊन अकरा आठवडे.
एवढी घाई कशाची,
हे मला तेव्हा कुठे सुचलं.
तिला बहुधा रविवारी, फोनवरच.

मी तपासणीचा नंबर फिरवला.
पलीकडची बाई चार मिनिटांनी म्हणाली, हरकत नाही.
मारेनबद्दल म्हणाली. तिला तेवढंच विचारलं होतं.

"गोळ्या कुठे आहेत, डॅड?"
"घरी. तुझ्या आईच्या केकच्या भांड्यांमागे."
"सगळ्या?"
त्याने खिळ्यांचा खण बंद केला. नीट बसेना,
पुन्हा उघडून बंद केला.
"एक डबा गाडीत आहे," म्हणाला.

गोळ्यांना फॉर्म नाही. तिने नुसता हात पुढे केला.

मग माझ्याकडे वळली.
रायफल संध्याकाळपर्यंत इथेच राहू दे म्हणाली,
आत्ता मी यांच्याबरोबर चाललेय,
स्वयंपाकघर आवरायला.
मी मान हलवली. वहीत डावीकडे त्याचं नाव लिहिलं,
उजवी बाजू कोरी ठेवली.
त्याने रजईची घडी घातली, काखेत मारली,
आणि पंचवीस डॉलर मोजून ठेवले, सगळे सुटे.

दोन्ही गाड्या पश्चिमेला वळल्या, तिची मागे.

ती परत आली तेव्हा मी शटर अर्धं ओढलं होतं.
साडेसात तास ती रायफल माझी होती.
मी एकदाही तिला हात लावला नाही.